आयर्लंडचा मंत्री कामाचा की नुसता फोटोपुरता, हे ओळखायचं कसं?

वैदेही_डी१५

मंडळी, डब्लिनला येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ ब्लँचर्ड्सटाउनमध्ये. नागरिकत्व मिळाल्यावर संसदेसाठी पहिलं मत नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलं. आडोशाला उभी राहिले, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली आणि अडले. आमच्या डब्लिन वेस्टमध्ये दोन मंत्री उभे होते. अर्थमंत्री जॅक चेंबर्स आणि बालकल्याण खात्याचे रॉडरिक ओगॉर्मन. इथे एकच शिक्का मारून सुटका नाही, १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. म्हणजे तुलना आलीच.

ओगॉर्मनचंच घ्या. आमची धाकटी क्रेशला, म्हणजे पाळणाघरात जाते. २०२२ अखेरपर्यंत सरकारची सरसकट सवलत तासाला ५० सेंट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती १.४० युरो झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये २.१४. आठवड्याचे ४५ तास धरले तर ९६.३० युरो. ही रक्कम मला भाषणात नाही, बिलात दिसते. पण त्या क्रेशमध्ये जागा मिळायला आम्ही चौदा महिने यादीत लटकलो होतो, त्याचं काय? शिवाय याच मंत्र्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये श्वेतपत्रिका काढली होती, की आश्रय मागणाऱ्यांना केंद्रांत कोंबण्याची 'डायरेक्ट प्रोव्हिजन' पद्धत २०२४ अखेर बंद करू. झाली नाही. मधे युक्रेनचं युद्ध आलं आणि पन्नासेक लाखांच्या देशात लाखावर माणसं आली. मग हा माणूस पास की नापास?

नवरा म्हणतो, शिक्षण बघ, डॉक्टर असेल तर आरोग्य खातं नीट चालवेल. मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. (कितवं मत कुणाला दिलं ते विचारू नका, घरातही सांगितलेलं नाही.)

जुना_कॉर्ककर

वैदेहीताई, यजमानांना सांगा, आरोग्यमंत्री जेम्स रायली डॉक्टर, त्यांच्यानंतर आलेले लिओ वराडकरही डॉक्टर. तरी जानेवारी २०१५ मध्ये ट्रॉलीवर खाट मिळण्याची वाट बघणारे रुग्ण एका दिवसात ६०१ झाले होते. आणि २९ मार्च २००४ ला पबांसकट सगळ्या कामाच्या जागी सिगरेट बंद केली ती तेव्हाचे आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिननी. पेशाने शाळेत इतिहास शिकवणारे. आधी १ जानेवारी ही तारीख ठरली होती, ती पुढे गेली. पबवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. मी तेव्हा इथेच होतो. आमच्या गल्लीतला पबवाला शपथेवर सांगायचा की सहा महिन्यांत कुलूप लागणार. अजून चालू आहे मेला.

पण माझं आवडतं उदाहरण नोएल डेम्प्सी. १९९७ ते २००२ पर्यावरणमंत्री. ४ मार्च २००२ पासून प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट लावले, तेही गिऱ्हाईकाने गल्ल्यावर मोजायचे. माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागायच्या, त्या २१ वर आल्या. कुणाला तुरुंगात टाकलं नाही, दुकानांवर धाडी घातल्या नाहीत. सांगायचं असं, की माझी बायको त्या आठवड्यापासून कोटाच्या खिशात घडी केलेली पिशवी ठेवते. अजून ठेवते.

आता तोच मंत्री, तेच खातं, त्याच वर्षी, अडीच महिन्यांनी. १७ मे २००२ च्या निवडणुकीत तीन मतदारसंघांत मतदान यंत्रं लावली, त्यातला एक ताई तुमचाच डब्लिन वेस्ट! पुढच्या मंत्र्याने, मार्टिन कलेनने, देशभरासाठी साडेसात हजारांच्या आसपास यंत्रं घेतली. कागदी पावती नाही, मग ताळा करणार कसा? हा प्रश्न संगणकवाले आधीपासून ओरडून विचारत होते. २००४ ला सरकारनेच नेमलेल्या आयोगाने सांगितलं, आम्ही शिफारस करू शकत नाही. यंत्रं गोदामात. भाडं चालू. २००९ मध्ये नाद सोडला आणि २०१२ मध्ये भंगारात घातली. खर्च साडेपाच कोटी युरोंच्या घरात, मिळाले सुमारे ७० हजार. यंत्रामागे साधारण नऊ युरो.

म्हणजे तोच माणूस एकात हुशार आणि दुसऱ्यात मठ्ठ असं नाही होत हो. पिशवीच्या वेळी आधी अभ्यास करून घेतला होता आणि काम साधं होतं. यंत्राच्या वेळी विरोधात बोलणाऱ्यांना काढलं मोडीत. मी मंत्र्याचं हेच बघतो: नको असलेलं उत्तर देणारा माणूस त्याच्या खोलीत टिकतो का?

मालवणी_झील

लिओ आमच्या मालवणाकडल्या वराडचो! २०१९ च्या डिसेंबरात गावाक इलो तेव्हा मी रस्त्याच्या कडेक उभो होतंय. ट्रॉलीचा काय सांगतास, पंतप्रधान झालो ना?

रात्रपाळी

झीलभाऊ, अभिमान आम्हालाही आहे, पण ट्रॉलीवरच्या आजोबांना तो पांघरता येत नाही.

मी नर्स आहे, हॉस्पिटलचं नाव विचारू नका. आमची संघटना रोज सकाळी ट्रॉलीवरची माणसं मोजते. एकदा मंत्री भेटीला येणार होते. आदल्या रात्री आमच्याकडे बावीस ट्रॉल्या. पहाटे पाचला हुकूम आला, डे वॉर्ड उघडा आणि त्यांना तिथे न्या. कॉरिडॉर असा चकचकीत की मलाच ओळखू येईना. त्या दिवशी डे वॉर्डात ज्यांच्या तपासण्या होत्या त्यांना फोन करून 'आज नको' सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं. एक बाई बसने दोन तास प्रवास करून आलीच. तिला काय सांगणार?

मंत्र्याला हे कळलं की नाही, देव जाणे. मला त्यांच्याबद्दल एवढंच म्हणायचं आहे, की चार दिवसांनी न कळवता परत आले असते तर मी मानलं असतं.

फाइलवाला

वैदेही, एक तांत्रिक गोष्ट. १९२४ च्या कायद्याप्रमाणे खातं म्हणजे कायद्याच्या नजरेत मंत्रीच, खात्याने केलेलं सगळं त्याच्या नावावर. पण पैशाचा हिशेब द्यायला लोकलेखा समितीपुढे बसतो खात्याचा सचिव. या फटीत बरंच काही गडप होतं. नवीन बालरुग्णालय बघ. २०१७ मध्ये ९८.३ कोटी युरोंना मंजूर, २०२४ मध्ये आकडा २२४ कोटींच्या आसपास. फेब्रुवारी २०१९ मध्ये आरोग्यमंत्री सायमन हॅरिसवर अविश्वास ठराव आला, पडला. पुढे ते पंतप्रधानही झाले. खर्च वाढतोय हे त्यांना कधी कळलं आणि कळल्यावर त्यांनी काय केलं, एवढंच मी विचारेन. बाकी सगळं त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही.

घरांचंही तसंच. २०२४ च्या निवडणुकीआधी सरकारमधली मंडळी यंदा ४० हजारांच्या जवळ घरं पुरी होतील म्हणत होती. जानेवारीत सांख्यिकी कार्यालयाचा आकडा आला, ३०,३३०. दहा हजार घरांची चूक! घरं कमी बांधली गेली हे एक वेळ समजू शकतं. मजूर, पाणी, वीजजोडण्या, कारणं असतात. पण नोव्हेंबरात बसून त्याच वर्षाचा आकडा चुकतो, म्हणजे खात्यावर नजर नाही किंवा खरं सांगायचं नाही. त्या गृहनिर्माणमंत्र्याला मग वाहतूक खातं मिळालं.

तुला क्रेशचं खरंच जाणून घ्यायचं असेल तर तुझ्या टीडीला, म्हणजे खासदाराला, संसदेत लेखी प्रश्न टाकायला सांग. उत्तर संसदेच्या वेबसाइटवर येतं, कायम राहतं. 'संबंधित यंत्रणेला थेट कळवायला सांगितले आहे' असं आलं तर समज, मंत्र्याने चेंडू टोलवला.

वैदेही_डी१५

सगळ्यांचे आभार. काल एका टीडीच्या ऑफिसला मेल टाकला: डब्लिन १५ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी क्रेशच्या किती जागा आहेत आणि यादीत किती मुलं आहेत? पोच आली. उत्तर आलं की इथेच चिकटवते.

रात्रपाळी, त्या बाईंची तपासणी शेवटी झाली का गं?

आणि कॉर्ककर काका, नवरा विचारतोय, नऊ युरोवालं एखादं यंत्र शिल्लक आहे का. आमच्या मराठी मंडळाची कार्यकारिणीची निवडणूक तोंडावर आली आहे.