मदत हवी आहे: केस चॅलेंजचं उत्तर दुसऱ्याच वाक्याला फुटतंय

मज्जातंतू
नमस्कार मंडळी. घाईत आहे, थोडक्यात लिहिते. आमच्या न्यूरोसायन्स मंडळाचं केस चॅलेंज 22 जुलैला, जागतिक मेंदू दिनाला आहे. केस लिहून झालीय, चार टप्पे, शेवटी निदान. हॉस्टेलवर वाचून दाखवली तर अर्ध्या मुलींनी दुसऱ्या वाक्यालाच उत्तर सांगितलं आणि उरलेल्या शेवटपर्यंत चाचपडत राहिल्या. ते वाक्य काढलं तर कोणालाच येत नाही, ठेवलं तर फुटतं. केस कठीण कशी करू? स्लाइड्स उद्या रात्री सिनियरना द्यायच्या आहेत. 'गूगल कर' सांगायला कृपया येऊ नका.

प्रश्नमंजूषा_दादा
कसली केस? स्पर्धक कोण? संघ किती, वेळ किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर उद्यापर्यंत हवंय.
तरी माझा अनुभव सांगतो. टप्पे-बिप्पे सोडा, बझर लावा. पहिला जो दाबेल त्याला दहा, चुकला तर उणे पाच. लोकांना मजा येते, हॉल जागा राहतो. आणि एखादा खरा एमआरआय दाखवा, व्हॉट्सॲपवर डॉक्टरांच्या ग्रुपात ढिगाने फिरत असतात.

निवृत्त_भिषक
दादा, ते एमआरआय फिरतात हीच तर लाज आहे. फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव, वय, तारीख, नोंदणी क्रमांक असतो. लोक नाव खोडतात आणि तारीख तशीच ठेवतात. शिवाय आपला गोवा केवढासा! 'अमक्या तालुक्यातला सतरा वर्षांचा मुलगा, व्हेंटिलेटरवर होता' एवढं म्हणा, हॉलमध्ये त्याची मावसबहीण निघेल. रुग्णाची लेखी संमती नसेल तर खरी केस वापरू नये.
मज्जातंतू, तुमची केस खरी आहे की रचलेली? आधी ते सांगा.

मज्जातंतू
रचलेली आहे डॉक्टर, पुस्तकं समोर ठेवून.
स्पर्धक: एमबीबीएसचं दुसरं वर्ष, फिजिओथेरपी, नर्सिंग, आणि मानसशास्त्रवाल्या बीएच्या मुली. तीन-तीनचे आठ संघ. एक तास. बझर नको, मागच्या कार्यक्रमात नुसता आरडाओरडा झाला होता.

तिसवाडीकर
मेंदू दिन गोव्यात साजरा करताय आणि आबे फारियाचं नाव नाही? कांदोळीत 1756 साली जन्मलेला माणूस पॅरिसमध्ये जाऊन सांगतो की संमोहनाची ताकद संमोहन करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या चुंबकीय द्रवात नसते, ती समोरच्याच्या मनात असते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, रोज हजारो लोक बाजूने जातात, मान वर कोण करतो? केस फारियावर करा.

मज्जातंतू
काका, फारियावर पोस्टर करू, नक्की. आता केसबद्दल कोणीतरी बोला.

सिस्टर_फोंडा
अगं पण केस काय आहे तेच तू अजून सांगितलं नाहीस. इथे कोण स्पर्धक वाचायला येतोय? टाक सरळ.

मज्जातंतू
बरं, घ्या.
'17 वर्षांचा मुलगा. पावसाळ्यात काकांच्या घरी राहायला गेला होता, रात्री जमिनीवर चटई टाकून झोपला. पहाटे चारला पोटात कळा येऊन जाग आली, दोनदा उलटी. सहा वाजता पापण्या उघडेनात, एकाचे दोन दिसू लागले. आठ वाजता बोलणं नाकातून, पाणी गिळताना ठसका. ताप नाही. शुद्ध पूर्ण.'
हा पहिला टप्पा. पुढचे तीन तपासणी, चाचण्या, उपचार.

काजूबी
मण्यार.
मी डॉक्टर नाही, वाळपईच्या पुढे आमची बागायत आहे. यात ओळखायचं काय? पावसात कोणी पहाटे पोटात दुखतं म्हणालं की आमची आजी आधी चटई झटकायची, मग ओवा शोधायची.

मज्जातंतू
बघा!! हेच होतंय. सत्तरी, डिचोली, काणकोणच्या मुली 'जमिनीवर चटई' ऐकल्या ऐकल्या मण्यार म्हणतात. पर्वरी-वास्कोच्या फ्लॅटमधल्या मुली स्ट्रोक, जीबीएस (गियान-बारे, मज्जातंतूंचा आजार), मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार), काय वाट्टेल ते. सिनियर म्हणतात चटई काढून टाक. पण चटई काढली की मुलगा नुसता उठला आणि आजारी पडला. मग ओळखणार कशावरून?

एकशेआठ
सापाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. दंश झाल्यास जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, बर्फ लावू नये. हात किंवा पाय हाडमोडीला फळी बांधतात तसा हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा. साप मारून पिशवीतून आणू नका. आमच्या गाडीत एकदा पिशवीतला 'मेलेला' साप हलला होता.

काजूबी
आमच्या गावात एक जण पाला देतो. दहा गेले तर आठ बरे होऊन येतात. सगळंच खोटं म्हणू नका.

निवृत्त_भिषक
खोटं म्हणत नाही, हिशेब सांगतो. आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ते आठ पाला न खाताही बरे झाले असते. उरलेल्या दोघांचा वेळ मात्र पाल्यात जातो. मण्यारीच्या बाबतीत तर फार वाईट, कारण सूज नाही, दुखणं नाही, बऱ्याचदा दाताची खूणही सापडत नाही. माणूस 'पित्त झालंय' म्हणत पडून राहतो.

काजूबी
डॉक्टर, त्या माणसाने माझ्या चुलत्याला स्वतः जीपमध्ये घालून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवलंय. तो काही अडवून ठेवत नाही.

निवृत्त_भिषक
मग तो बऱ्याच शिकलेल्यांपेक्षा शहाणा आहे. हा विषय इथे थांबवू, पोरीच्या स्लाइड्स राहिल्यात.

प्रश्नमंजूषा_दादा
केसच बदला की. माकडताप घ्या. अस्सल आपल्याकडचा, काजूच्या हंगामातला, गोचिडीमुळे होणारा. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, आता सत्तरीतही होतो. पुन्हा फसवा, कारण ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि काहींना आठवडा-दोन आठवड्यांनी दुसरी लाट येते, तिच्यात डोकेदुखी, मान आखडणं, भ्रम.

मज्जातंतू
दादा, केस चांगली आहे. पण तिथे 'काजूच्या बागेत गेला होता' लिहिलं की पुन्हा तेच. आणि लिहिलं नाही तर पुन्हा तेच.

निवृत्त_भिषक
अगदी बरोबर. म्हणजे गाठ सापात नाही आणि माकडातही नाही. तुम्ही रुग्णाची हिस्टरी ताटात वाढून देताय. ओपीडीत कोणती आई सांगते की 'डॉक्टर, मुलगा जमिनीवर झोपला होता'? ती म्हणते, रात्री बाहेरचं खाल्लं, पोट बिघडलं. चटईचं विचारावं लागतं.
म्हणून चटई काढू नका आणि लिहूही नका. विचारणाऱ्यालाच ती मिळू द्या. पहिल्या स्लाइडवर फक्त आईची तक्रार: पहाटेपासून पोटात दुखतंय, डोळे उघडत नाहीत. पुढे प्रत्येक संघाला ठरावीक प्रश्न.
आणि निदानाला लगेच गुण देऊ नका. आधी जागा विचारा: मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जातंतू-स्नायूंचा सांधा म्हणजे तुमचं न्यूरोमस्क्युलर जंक्शन, की स्नायू? आणि का? सत्तरीची मुलगी 'मण्यार' म्हणेल, म्हणू दे. पण शुद्ध पूर्ण, स्पर्श नीट कळतो, दोन्ही बाजूंना सारखी कमजोरी, ती डोळ्यांपासून खाली उतरतेय, यावरून जंक्शनपर्यंत पोहोचून दाखव म्हणावं. पर्वरीची मुलगी साप न ओळखताही तिथवर येऊ शकते. दोघी एका रेषेवर येतात.

मज्जातंतू
हे सुचलंच नव्हतं. पण आठ संघ, प्रत्येकाचे प्रश्न, एक तास. गोंधळ नाही होणार?

प्रश्नमंजूषा_दादा
इथे मात्र माझं ऐक. तोंडी प्रश्न घेऊ नकोस, एकाचा प्रश्न सातजण ऐकतात. चिठ्ठ्या. प्रत्येक संघाला पाच कोऱ्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक प्रश्न. उत्तरं आधीच छापून ठेव: कुठे झोपला, काय खाल्लं, कोणती औषधं, आधी असं झालं होतं का, घरात आणखी कोणाला. दोन स्वयंसेवक लागतील. 'इतर काही' असल्या पोकळ प्रश्नाला कोरी चिठ्ठी परत.

सिस्टर_फोंडा
'घरात आणखी कोणाला' ठेवाच. एकाच घरातले दोघे पडले तर जेवणाकडे बघायला हवं.
आणि एक विनंती. सगळे संघ ऑक्सिजन विचारतील, तुम्ही 97 द्याल आणि ते निर्धास्त होतील. अशा रुग्णात ऑक्सिजन सर्वांत शेवटी पडतो. आम्ही वॉर्डात एका श्वासात आकडे मोजायला लावतो. नऊ वाजता 22 पर्यंत गेला, साडेनऊला 15, दहाला 9, आणि मॉनिटर अजून 96 दाखवतोय. उशीवरून मान उचलता येते का तेही बघायचं. हे आकडे तपासणीच्या टप्प्यात घाल. आमच्या नर्सिंगच्या मुली बरोबर पकडतील की याला आता श्वासाची नळी लागणार आहे. तेवढ्याला वेगळे गुण ठेव, नाहीतर त्या बिचाऱ्या नुसत्या एमबीबीएसवाल्यांच्या तोंडाकडे बघत बसतात.

तिसवाडीकर
आई काय सांगते ते रंगवून घ्या. रात्री सुंगटांचं बलचांव, म्हणजे कोळंबीचं तिखट लोणचं, खाल्लं म्हणू दे तिला. सगळे बॉट्युलिझमच्या, म्हणजे अन्नातल्या जंतूच्या विषबाधेच्या, मागे धावतील.

निवृत्त_भिषक
धावतील, आणि धावू दे. बॉट्युलिझममध्येही लुळेपणा डोळ्यांपासून खाली उतरतो, त्यामुळे शंका रास्त आहे. फक्त बलचांवात व्हिनेगर असतं. आम्लता पीएच 4.6 च्या खाली असली की तो जंतू वाढत नाही. जो संघ हे सांगेल त्याला जास्तीचा गुण. ज्याने बलचांव नुसतं ऐकून सोडून दिलं, त्याला नाही.

काजूबी
बलचांवाला बदनाम करू नका हो.

म्हापशाचा_शुक्रवार
धागा वाचला, छान माहिती. माझ्या आईचा उजवा हात बसल्या जागी थरथरतो, कप उचलला की थांबतो. वय 68. हे सापाचं असू शकतं का? बागेत असते ती.

निवृत्त_भिषक
सापाचं नाही. हात मांडीवर असताना थरथरणं आणि काम करताना थांबणं हे न्यूरॉलॉजी ओपीडीत दाखवायलाच हवं. चालताना तो हात कमी हलतो का, अक्षर बारीक झालंय का, एवढं बघून जा. हल्ली घेत असलेल्या गोळ्यांची चिठ्ठीही बरोबर न्या, काही गोळ्यांनीही असं होतं. इथे निदान विचारू नका.

मज्जातंतू
चाचण्यांच्या टप्प्यात मी 'काचेच्या नळीतलं रक्त 20 मिनिटांत गोठलं' लिहिलंय. ठेवू ना?

निवृत्त_भिषक
ती ओळ स्वतःहून दिलीत तर उत्तर दिल्यासारखंच, ती चाचणी आम्ही सापाच्याच संशयाने करतो. तीही चिठ्ठीतच ठेवा. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणून ते गोठलं तर त्यांची शक्यता घटते. मग उरतात नाग आणि मण्यार. नागाच्या दंशाला बहुधा सूज असते, दुखतं. आणि निओस्टिग्मिन (मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश वाढवणारं औषध) दिल्यावर नागाच्या रुग्णाच्या पापण्या उघडू शकतात, कारण नागाचं विष स्नायूच्या बाजूला अडसर घालतं. मण्यारीचं मुख्य विष मज्जातंतूचं टोकच खराब करतं, तिथे निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग नाही, आणि झालेला लुळेपणा सर्पविषावरच्या प्रतिविषानेही लगेच उलटत नाही. दिवसच्या दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. दुसऱ्या वर्षाच्या फार्माकॉलॉजीला हा शेवटचा प्रश्न घाला, पोरं घाम पुसतील.

सिस्टर_फोंडा
बाहुल्यांचंही घाला ना डॉक्टर. विस्फारलेल्या, उजेडाला हलत नाहीत, हातपाय थंड पडलेत, बघणाऱ्याला वाटतं संपलं. आणि रुग्ण सगळं ऐकत असतो.

निवृत्त_भिषक
सिस्टर, हो. मण्यारीचा रुग्ण मेंदूमृत असल्यासारखा दिसू शकतो. मज्जातंतू, हा प्रश्न मानसशास्त्राच्या मुलींसाठी ठेवा: याच्या खाटेपाशी उभं राहून तुम्ही काय बोलाल, काय बोलणार नाही? त्यांना तासभर नुसतं बसवून ठेवू नका.

प्रश्नमंजूषा_दादा
याला गुण कसे देणार? मोजता येत नाही.

सिस्टर_फोंडा
सगळंच मोजायला हवं का? मी परीक्षक म्हणून येते, मी देईन गुण.

मज्जातंतू
सिस्टर, खरंच याल? पेडण्याच्या एका संघाची परतीची कदंब बस चुकायला नको म्हणून दुपारी दोनला ठेवलंय.
आता असं करतेय. पहिली स्लाइड आईची तक्रार. मग पाच चिठ्ठ्या. मग 'जागा सांगा' आणि कारण. मग श्वास मोजण्याचे आकडे आणि 'आता काय कराल'. शेवटी नाग की मण्यार, आणि खाटेपाशी काय बोलाल. मण्यार ओळखल्याचे फक्त दोन गुण. आई मीच होणार आहे.

निवृत्त_भिषक
चांगलं. जीबीएस लिहिणाऱ्यांना शून्य देऊ नका, ती कमजोरी बहुधा पायांकडून वर चढते आणि तासांत नाही, दिवसांत वाढते, एवढं वेळापत्रक त्यांच्याकडून वदवून घ्या. पोटॅशियम कमी झालं म्हणणारेही निघतील, सकाळी उठल्यावर हातपाय गळालेत म्हणून. तिथे डोळ्यांना सहसा काही होत नाही. आणि आई झालात तर जेवढं विचारलं तेवढंच बोला. तुम्हा मुलांना राहवत नाही, मध्येच चटई बोलून बसाल.

मज्जातंतू
'घरात उंदीर आहेत का' विचारलं तर?

काजूबी
आहेत म्हण. काकांचं घर आहे, वर भाताची पोती आहेत. उंदरांच्या मागावर मण्यार येते.

निवृत्त_भिषक
येते, पण जास्त करून दुसऱ्या सापांच्या मागावर. तरी 'आहेत' छापा. हा प्रश्न विचारणाऱ्या संघाला साप सुचलेला आहे.