स्क्रीनवर सगळ्यांचा बल्ब पेटला, दुसऱ्या दिवशी हातात सेल दिला तर चारच गटांचा. डायरीत काय लिहू?

इंटर्न_खानापूर

नमस्कार सगळ्यांना. मी बीएड दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड (म्हणजे शिकवायचे विषय) सायन्स आणि गणित. सध्या इंटर्नशिप चालू आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घाटाकडच्या बाजूला एका सरकारी मराठी शाळेत. १६ आठवड्यांपैकी सात झाले. इथं बरेच शिक्षक आहेत म्हणून विचारते, मला खरंच उत्तर पाहिजे.

सातवीला विद्युत परिपथाचा लेसन होता. ३१ मुलं. मी ठरवलं की यावेळी फळा-खडू नाही, फेटचं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर करायचा प्रयोग, दाखवायचं (कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे ते, फुकट आहे). शाळेत पावसाळ्यात नेटवर्क म्हणजे हापशाजवळ उभं राहिलं तर एक काडी येते, म्हणून घरी असतानाच फाईल डाउनलोड करून ठेवलेली, ती ब्राउझरमध्ये नेट नसताना पण चालते. प्रोजेक्टर कॉलेजमधून आणला, खिडकीला चादर बांधली, आणि एकेका मुलाला लॅपटॉपजवळ बोलवून सेल, वायर, बल्ब जोडायला लावले. सगळ्यांचा बल्ब पेटला! कुणीतरी सेलच्या दोन्ही टोकांना नुसती वायर लावली तर स्क्रीनवर सेलला आग लागली, मग काय, वर्ग नुसता उसळला, प्रत्येकाला ती आगच लावून बघायची होती. मेथडचे सर मागं बसलेले, त्यांनी शेरा दिला की तंत्रज्ञानाचा उत्तम वापर. मी घरी येऊन आईला फोन करून सांगितलं, एवढा आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी खरे सेल, टॉर्चचे बल्ब आणि वायरचे तुकडे घेऊन गेले. म्हटलं आता तर पाच मिनिटांचं काम. दोघा-दोघांचे गट केले, एक तिघांचा, असे पंधरा गट. दहा मिनिटांत चार गटांचा बल्ब पेटला. चारच. एका मुलीनं वायर बल्बच्या काचेला धरली होती. तिघा-चौघांनी वायरवरचं प्लास्टिक काढलंच नव्हतं कारण स्क्रीनवर कुठं काढायचं असतं ते. आणि एक जण मला म्हणाला, "मॅडम, हे चिकटत का नाही?" स्क्रीनवर टोक जवळ नेलं की आपोआप चिकटतं ना, आणि बल्बला कुठं जोडायचं ते दोन गोल करून दाखवलेलं असतं. हातातल्या बल्बला कुठलं गोल. ज्याच्या घरी मोटर रिवाइंडिंगचं काम आहे त्या पोरानं तेवढं दातानं प्लास्टिक सोललं आणि झटक्यात पेटवला.

ते "चिकटत का नाही" माझ्या डोक्यातून जाईना झालंय. मी त्यांना परिपथ शिकवला की माउस ओढायला शिकवलं?

पण एक गोष्ट सांगायची राहिली. मी नंतर विचारलं की वायरमधून जे जातं ते बल्बमध्ये संपतं का? तर अर्ध्यापेक्षा जास्त वर्ग म्हणाला नाही, स्क्रीनवर वायरमधून सरकताना दिसतात ते निळे गोळे फिरून परत सेलमध्ये येतात. हे खऱ्या बल्बवर मी कधीच दाखवू शकले नसते. म्हणजे लेसन पूर्ण वाया गेला असंही नाही.

आता रिफ्लेक्टिव्ह डायरीत "तंत्रज्ञानाचा वापर" असा कॉलम आहे, तो रिकामा पडलाय तीन दिवस. शेरा चांगला आहे तर चांगलंच लिहून सोडावं का? आणि पुढच्या वेळी क्रम उलटा करावा का?

---

पेन्शनीतला_मास्तर

बाळ, आधी एक सांगतो, दुसऱ्या दिवशी तू खरे सेल घेऊन गेलीस हेच मोठं आहे. शेरा मिळाल्यावर त्याच धड्याची परत परीक्षा घ्यायची म्हणजे छाती लागते. मी ३० वर्षं शिकवलं, पहिली दहा वर्षं मी असं कधी केलं नाही.

क्रम उलटा कर, होय. आणि उलटा करताना अजून एक कर, पहिल्या तासाला दोन वायर देऊ नको. एक सेल, एक बल्ब, एकच वायर. दोन वायर दिल्या की पोरं पुस्तकातलं चित्र आठवून तसं ठेवायला बघतात. एकच दिली की त्यांना बल्बच उलटा-पालटा करून बघावा लागतो, मग कळतं की बल्बच्या बुडाला एक जागा आहे आणि बाजूच्या पत्र्याला दुसरी. बल्ब थेट सेलच्या टोपीवर उभा करायचा आणि वायर खालून फिरवून पत्र्याला टेकवायची, हे ज्यानं स्वतः शोधलं तो म्हातारा झाला तरी विसरत नाही बघ. वीस-पंचवीस मिनिटं जातात. जाऊ देत. तू बोलू नको त्या वेळात, हे सगळ्यात अवघड असतंय, मला तर हात मागं बांधून उभं राहावं लागायचं.

वायरची टोकं घरीच सोलून ने, दातानं सोलायला देऊ नको कुणाला. आणि वर्गात स्पष्ट सांग, हे दीड व्होल्टचं आहे म्हणून हात लावतोय, घरातल्या बोर्डात २३० असतं, तिथं वायर खुपसायची नाही. आमच्या वेळी हे सांगितल्याशिवाय मी सेल वाटत नव्हतो.

स्क्रीन नंतर दाखव. हातानं पेटवलेल्याला आत काय चाललंय ते बघायचं असतं, त्याच्यासाठी ते निळे गोळे.

---

निपाणी_हायस्कूल_सायन्स

मास्तरांचा मान ठेवून थोडं वेगळं म्हणते. खऱ्या वस्तू आधी आणि स्क्रीन नंतर हा नियम म्हणून धरू नका. २००५ मध्ये याच सिम्युलेशनवर तिथंच कोलोरॅडोत एक अभ्यास झालाय, फिंकेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कॉलेजच्या फिजिक्सच्या मुलांपैकी काहींनी प्रयोगशाळेत खऱ्या साहित्याऐवजी सिम्युलेशन वापरलं, बाकीच्यांनी खरं साहित्य. आणि नंतर सगळ्यांना खरा परिपथ जोडून समजावून सांगायला लावला तर सिम्युलेशनवाली मुलं पुढं होती. मी बीएडला असताना हे वाचलं आणि मला धक्काच बसलेला.

पण ती कॉलेजची मुलं, आणि तुझी सातवीची, ज्यातल्या बऱ्याच जणांनी बल्ब हातात पहिल्यांदा धरला असेल. त्यामुळं तुझ्या वर्गात उलटं झालं यात मला काही नवल वाटत नाही. तू जे बघितलंस ते खरं आहे, फक्त त्यावरून "स्क्रीन वाईट" असं लिहू नकोस एवढंच म्हणणं. तुझी मुलं दोन वेगळ्या गोष्टी शिकली. प्रवाह संपत नाही हे स्क्रीनवरून. जोडायचं कुठं हे हातानं. डायरीत या दोन ओळी वेगवेगळ्या लिही की, कॉलम एकच असला म्हणून काय झालं.

आणि एक चूक माझ्याकडून झालेली ती तू करू नकोस. ते निळे गोळे इलेक्ट्रॉन आहेत, ते ऋण टोकाकडून धन टोकाकडं जाताना दिसतात. पुस्तकात प्रवाहाचा बाण धनाकडून ऋणाकडं असतो. माझ्या नववीच्या मुलांनी पेपरात बाण उलटे काढले आणि चूक माझी होती, मी सांगितलंच नव्हतं. त्याच्यात प्रवाहाची रूढ दिशा दाखवायचा पर्याय आहे, लाल बाण येतात, दोन्ही दाखवून बोल एकदा.

---

चिकोडी_सीआरपी

भाषेचं पण बघा मॅडम. फेटची बरीच सिम्युलेशनं मराठीत आहेत, कन्नडमध्ये पण आहेत, तुम्ही कुठलं दाखवलं माहीत नाही. मी सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांना मदत करायला नेमलेला, शाळांत फिरतो तेव्हा बघतो, स्क्रीनवर इंग्लिश, पुस्तकात मराठी, आणि मूल घरी म्हणतं बटण आणि वायर. सातवीनंतर यातली कितीतरी मुलं जवळ मराठी हायस्कूल नाही म्हणून कन्नड माध्यमात जातात आणि तिथं परिपथाला विद्युत मंडल म्हणतात. मूल हुशार असून आठवीत गप्प बसतं ते ह्यामुळं. फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही शब्द लिहून ठेवले तर काय बिघडतंय, पाच सेकंदाचं काम आहे.

अजून एक, पीपीटी करणार असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली मराठी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की सगळी चिन्हं-खुणा येतात, एका लेसनला मुलगी रडवेली झालेली बघितलीय मी. पीडीएफ करून पेनड्राइव्हमध्ये ठेवा म्हणजे भानगड नाही.

---

दोन_मुलांची_आई

मी शिक्षिका नाही पण लिहिते. ताई, तुम्ही वर्गात दाखवलं ते चांगलंच केलं, फक्त ते घरी मोबाईलवर करून बघा असं होमवर्क देऊ नका एवढीच विनंती आहे. आमच्या घरात एकच फोन आहे, तो घेऊन हे उद्यमबागला फाउंड्रीत जातात, सेकंड शिफ्ट असली की रात्री बारा नंतर घरी. माझी मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत खोटं सांगते केलं म्हणून. मला ते कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, ती खोटं बोलणारी नाही. सेल आणि वायर घरी दिली असती तर तिनं भावाला पण दाखवलं असतं.

---

इंटर्न_खानापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईंचं वाचून लगेच वही काढून बघितली, मी पुढच्या आठवड्याच्या टाचणात "घरी मोबाईलवर सराव" असं लिहूनच ठेवलं होतं. खोडलं.

मास्तर, शनिवारी सकाळची शाळा होती तेव्हा सहावीचा ऑफ तास मागून घेतला आणि एक सेल-एक बल्ब-एक वायर करून बघितलं, स्क्रीन नाही. तुम्ही म्हणालात तसं गप्प राहणं खरंच जमत नाही, दोनदा माझा हात पुढं गेला. पहिल्या गटाला सतरा मिनिटं लागली. आणि मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, एकाचा पेटला की शेजारचा गट उठून बघायला जायचा आणि परत येऊन तसंच न करता आपल्या पद्धतीनं करायचा. तास संपला तेव्हा तीन गटांचा राहिला होता, ते सुट्टीत पण बसले, खाली अंगणात गेलेच नाहीत. त्यातल्या एकाचा सेलच संपलेला होता, ते पोरांनीच शोधून काढलं, दुसऱ्याचा सेल मागून घेऊन लावून बघितला. हे मी शिकवलेलं नाही.

निपाणीच्या मॅडम, निळे गोळे आता सहावीला मंगळवारी दाखवणार आहे, बाणाचं लक्षात ठेवते. सीआरपी सर, मी इंग्लिशच लावलं होतं, मराठी आहे हे बघितलंच नव्हतं.

डायरीत सातवीचे आकडे जसेच्या तसे लिहिले. पंधरापैकी चार. सर काय म्हणतील माहीत नाही पण लिहिले. "चिकटत का नाही" हे वाक्य पण लिहिलं, त्याच्या शब्दांत.

एक शेवटचं विचारते. टॉर्चचे बल्ब आता खानापुरात मिळेनात, दुकानदार म्हणतो सगळे एलईडीच घेतात. एलईडी आणला आणि एका सेलवर लावला तर पेटलाच नाही. खराब आहे की काय?

---

निपाणी_हायस्कूल_सायन्स

खराब नाही. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास, एका सेलचे दीड असतात. दोन सेल एकामागं एक जोड, लाल एलईडी घे, मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाक म्हणजे जळणार नाही. लांब पाय धन टोकाकडं, उलटा लावला तर पेटत नाही. पण सहावीच्या पहिल्या तासाला हे नको, एकाच वेळी फार गोष्टी होतात. बेळगावला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जुने फिलामेंटचे बल्ब अजून मिळतात, मी गेल्या महिन्यात आणलेत. रविवारी येणार असशील तर सांग, माझ्याकडं वीसेक जास्तीचे आहेत, बसस्टँडवर देते.

---

पेन्शनीतला_मास्तर

माझ्याकडं पण एक डबा आहे बघ, माळ्यावर. होल्डरसकट. घेऊन जा.