ग्रामीण रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी सल्ला कक्ष : परवानगी आणि कराराबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचून सल्ला द्यावा ही विनंती.

आम्ही सातजणी आहोत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची नोंदणीकृत संस्था आहे. सुरुवात बचतगटांपासून झाली. हळूहळू बायका घरातली भांडणं, मारहाण घेऊन येऊ लागल्या आणि गेली सहा वर्षं आम्ही मुख्यतः तेच काम करतो. एकीचं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, दोघींनी समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलंय, बाकीच्या अनुभवातून शिकलो. गावाचं आणि रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं आमच्याशी चांगली वागतात आणि मला त्यांना अडचणीत आणायचं नाही.

हे सगळं एका मुलीमुळे सुरू झालं (तपशील बदलले आहेत). लग्नाला चार वर्षं झालेली. वर्षभरात ती तीनदा ग्रामीण रुग्णालयात गेली. पहिल्या केसपेपरवर ‘पडून मनगटाला मार’, दुसऱ्यावर ‘अंगदुखी, झोप न लागणे’. तिसऱ्यांदा तिने कपाशीवर फवारायचं औषध प्यायलं होतं. तीन वेळचे डॉक्टर वेगवेगळे, त्यामुळे तिन्ही कागद शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नाहीत. विषबाधा म्हणून एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी वैद्यकीय नोंद) झाली, पोलीस आले, नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा असताना जबाब घेतला आणि तिने सांगितलं, ‘खोकल्याचं समजून चुकून प्यायले.’ ती वाचली. आमच्याकडे आली तेव्हा तिन्ही केसपेपर तिने एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवले होते. ती पिशवी तिने माझ्या हातात दिली आणि काही बोलली नाही.

मी तिथल्या इन्चार्ज सिस्टरांना भेटले. चिडूनच गेले होते. त्या म्हणाल्या, ‘ताई, मला पहिल्याच वेळी कळलं होतं. मनगटावर बोटांचे वळ होते. पण विचारलं असतं आणि तिने सांगितलं असतं, तर मी तिला पाठवणार होते कुठे?’ माझा राग तिथेच उतरला. जिल्ह्याच्या ठिकाणी हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी ‘सखी’ केंद्र आहे, पण आमच्यापासून ते ६० किलोमीटरवर. घरात खोटं सांगून दवाखान्यात आलेली बाई तिथे कशी जाणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या साधारण दर चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं आहे. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. पोलीस ठाण्याची पायरी चढायला बाई घाबरते, माहेरी सांगायला लाजते. पण दवाखान्यात ती येतेच. मुलाच्या तापासाठी, अंगावरून पांढरं जातं म्हणून, गरोदरपणाच्या तपासणीला. घरच्यांनी न अडवता तिला एकटीला जाता येईल अशी तालुक्यात ती जवळजवळ एकच जागा आहे.

मुंबईतलं ‘दिलासा’ हे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं केंद्र तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. २००० साली ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिकेचा आरोग्य विभाग यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ते सुरू केलं. मला त्यातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते ती अशी की ते संस्थेचं दुकान म्हणून थाटलं नाही, रुग्णालयाचा एक विभाग म्हणून उभं केलं. रुग्णालयातल्याच परिचारिका आणि डॉक्टरांना शिकवून त्यांच्यातून प्रशिक्षक तयार केले. म्हणून पुढे महापालिकेला ते आपलं म्हणून चालवता आलं आणि नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही नेता आलं. केरळमध्ये सरकारी रुग्णालयांतून अशीच ‘भूमिका’ केंद्रं आहेत. मग तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात का नाही?

आमच्या वैद्यकीय अधीक्षकांना हे पटलं आहे. ओपीडीला लागून असलेली जुनी स्टोअररूम ते द्यायला तयार आहेत. मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते दोन. मंगळवार आम्ही मुद्दाम मागितला, कारण तो बाजाराचा दिवस, बाईला घराबाहेर पडायला कारण असतं. पैसे आम्ही मागत नाही. पण हे सगळं तोंडी आहे. साहेबांना इथे तीन वर्षं होत आली, बदली कधीही होईल. नवीन येणाऱ्यांनी ‘कुणी सांगितलं तुम्हाला इथे बसायला?’ असं विचारलं, तर आमच्याकडे दाखवायला कागदाचा एक चिटोराही नाही. मागे एका वेगळ्या कामात हे सोसलं आहे. आठ महिने चाललेलं किशोरी मुलींचं रक्त तपासणीचं शिबिर नव्या अधिकाऱ्यांनी एका दिवसात बंद केलं, आणि हिमोग्लोबिन सात-आठ निघालेल्या मुलींना लोहाच्या गोळ्या मिळतायत का हे पाहायला पुन्हा शाळेत जाताही आलं नाही.

तर मला विचारायचंय ते असं. करार कुणाशी करायचा? अधीक्षकांची सही पुरते, की जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जायचं, की त्याच्याही वर? रुग्ण कल्याण समितीच्या (रुग्णालयाच्या कारभारात लक्ष घालणाऱ्या समितीच्या) ठरावाला कितपत वजन असतं? अशा सामंजस्य कराराचा मराठी मसुदा कुणी पाहिलाय का? आणि सर्वात जास्त काळजी ज्याची वाटते ते म्हणजे नोंदी. बाईने आम्हाला सांगितलेलं कुठे लिहायचं, ते कुणाच्या ताब्यात राहील, उद्या कोर्टाने मागितलं तर काय?

ज्यांनी सरकारी दवाखान्यासोबत प्रत्यक्ष काम केलंय, त्यांनी कृपया जरूर लिहा.

प्रतिसाद : सुईदोरा

ताई, मी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त आहे. कराराचं मला कळत नाही, खोलीचं कळतं.

दारावर ‘हिंसा’ हा शब्द लिहू नका. ‘महिला आरोग्य सल्ला’ एवढंच लिहा. सासू सोबत असली तरी त्या दारातून आत जाता आलं पाहिजे. बाईशी एकटीशीच बोला. सोबतच्या माणसाला केसपेपरवर शिक्का आणायला, औषधाच्या खिडकीशी किंवा एक्स-रेच्या रांगेत पाठवायचं, हे सिस्टरांना आधीच सांगून ठेवा. दहा मिनिटं मिळतात, ती पुरतात.

जो केसपेपर घरी जातो त्यावर तुमच्याकडे पाठवल्याचं काही लिहायचं नाही, नवरा वाचतो. पण जखमांचं नीट वर्णन डॉक्टरांच्या रुग्णालयातल्या नोंदीत आलंच पाहिजे : कुठे, किती सेंटीमीटर, ताजी की जुनी, आणि ती स्वतः काय म्हणाली. ‘पडून मार’ एवढ्यावर सोडू नये. तुमचं रजिस्टर वेगळं, कुलपात. फोन करायचा तर कुठल्या वेळी केलेला चालेल हे तिलाच विचारा. आणि निघताना एक प्रश्न कधीही चुकवू नका, ‘आज घरी जायला भीती वाटते का?’ हो म्हणाली, तर त्या दिवशी तिला वॉर्डात दाखल करून घेण्याची मुभा डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा. आमच्याकडे ‘निरीक्षणाखाली’ म्हणून ठेवून घ्यायचो. एका रात्रीत पुष्कळ काही ठरतं.

तुमच्या त्या इन्चार्ज सिस्टरांना सोडू नका. कक्ष त्यांच्यावर उभा राहील.

प्रतिसाद : तालुकाकोर्ट

वकिली करतो, कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं नेहमी चालवतो. दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका.

एक, रुग्णालयाचं स्वतःचं कर्तव्य. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५, कलम ७ प्रमाणे पीडितेला उपचार देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. नियम १७ त्याहून पुढे जातो. घटना अहवाल (झालेल्या हिंसेची लेखी नोंद) आधी झालेला नसेल, तर रुग्णालयाच्या प्रमुखाने तो नमुना १ मध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवायचा असतो, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची असते. अधीक्षकांना हे दाखवा. तुमचा कक्ष हा त्यांनी केलेला उपकार ठरत नाही. कायद्याने त्यांच्यावर टाकलेलं काम पार पाडायला तुम्ही हात देताय. पत्राची भाषा तशीच ठेवा.

दोन, तुमच्या संस्थेचा दर्जा. कलम १० खाली ‘सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदणी करता येते, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत करा. ती झाली की बाईची इच्छा असल्यास तुम्हाला स्वतः घटना अहवाल नोंदवता येतो, तिला निवाऱ्यापर्यंत पोचवता येतं, आणि सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल कायद्याचं संरक्षण मिळतं. नोंदणीशिवाय बसलात तर उद्या एखादा नवरा तुमच्यावरच तक्रार करेल तेव्हा अडचण होईल.

रजिस्टर कोर्ट मागवू शकतं. म्हणून त्यात बाईचे शब्द आणि तुम्ही काय केलं एवढंच असावं. तुमची मतं, अंदाज नकोत.

प्रतिसाद : बांधावरची

लोकाधारित देखरेखीत, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी दवाखान्यांच्या सेवेवर लक्ष ठेवण्याच्या कामात, काम केलंय मी. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतं, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या. त्यामुळे तुमचं पत्र शल्यचिकित्सकांना, प्रत अधीक्षकांना, आणि दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या. रुग्ण कल्याण समितीचा ठराव नक्की करून घ्या, कारण अधिकारी बदलले तरी इतिवृत्ताची वही तिथेच राहते. करारात खोली, वार, वेळ, नोंदी कुणाच्या ताब्यात, आणि बंद करायचं असेल तर दोन महिन्यांची लेखी सूचना, हे हवंच. बाईंचे फोटो कुठल्याही अहवालासाठी काढले जाणार नाहीत, हेही लिहून घ्या. उद्घाटनाला पेपरवाले येतील तेव्हा कळेल का ते.

पण एक विचारते. २००७ मध्ये आपल्याकडे देखरेख सुरू झाली तेव्हा जनसुनवाईत (अधिकाऱ्यांसमोर लोकांनी तक्रारी मांडण्याच्या जाहीर सभेत) आम्ही उभं राहून सांगायचो, डॉक्टर हजर नसतात, बाहेरची औषधं लिहून देतात. तुमच्याच रुग्णालयात उद्या बाळंतीण विनाकारण पुढच्या मोठ्या दवाखान्यात पाठवली, तर आत खोली घेऊन बसलेल्या तुम्ही त्याविरुद्ध बोलाल का?

धागाकर्ती :

तिघांचेही मनापासून आभार. सुईदोराताई, ‘महिला आरोग्य सल्ला’ हीच पाटी रंगवायला देतेय. दाखल करून घेण्याचं आम्हाला सुचलंच नव्हतं. वकीलसाहेब, नमुना १ काल उतरवून घेतला, दोघीजणी तो भरायचा सराव करतायत. नोंदणीचा अर्ज सोमवारी देऊ.

बांधावरच्या ताई, तुमच्या प्रश्नावर आम्ही सातजणी काल रात्री अकरापर्यंत भांडलो. तिघींचं म्हणणं, आत जायचं तर तोंड मिटून राहावं लागेल, नाहीतर खोली जाईल आणि नुकसान बायकांचंच होईल. उरलेल्या चौघींत मी आहे. आमच्याकडे येणारी बाई आधी त्या रुग्णालयाची रुग्ण आहे, तिला तिथे वाईट वागवलं गेलं तर ते सांगणं कामाचाच भाग झाला. शेवटी ठरलं की करारात एक कलम घालायचं : सेवेबद्दलच्या तक्रारी संस्था दर महिन्याला अधीक्षकांना लेखी देईल, त्या रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत वाचल्या जातील, आणि यामुळे संस्थेच्या जनसुनवाईत बोलण्याच्या हक्काला बाधा येणार नाही. शेवटच्या वाक्यावर सही मिळेल की नाही कळत नाही. ते आधी घालून मग चर्चेत सोडावं, की अडून बसावं?

शल्यचिकित्सकांची वेळ येत्या शुक्रवारी दुपारी मिळाली आहे. तोपर्यंत मसुदा पक्का करायचाय. कुणाकडे महापालिकेने किंवा शासनाने संस्थेशी केलेल्या अशा कराराची जुनी प्रत असेल, नावं खोडून का होईना, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि परिचारिकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण मराठीतून देऊ शकेल असं कुणी लातूर, धाराशिव, बीड भागात माहीत आहे का? राहायची, जेवायची सोय आमच्या घरी होईल. सिस्टरांची ड्यूटी बदलून देण्याचं अधीक्षकांनी कबूल केलंय, पण एका वेळी चौघींहून जास्त सुटणार नाहीत, म्हणजे तेच प्रशिक्षण दोनदा घ्यावं लागेल.

ती मुलगी सध्या माहेरी आहे. केसपेपरची पिशवी तिने परत मागून घेतली, वकिलाला दाखवायला.