राहत्या देशाचा स्वयंपाक आपल्या ओट्यावर

परदेशात कढीपत्ता कुठे मिळतो आणि पुरणासाठी कोणती डाळ चालते, हे मराठी माणसे एकमेकांना आवर्जून सांगतात. ज्या देशात घर केले तिथले रोजचे जेवण स्वतःच्या ओट्यावर शिजवण्याविषयी मात्र त्या मानाने कमी बोलले जाते. उपाहारगृहातले नव्हे, तर तिथल्या घराघरांत होणारे पदार्थ तुम्ही करता का, ते कोणाकडून शिकलात आणि त्यांत कोणत्या खुब्या हाती लागल्या, हे कृपया सविस्तर लिहावे.

श्टुटगार्ट, जर्मनी

आमच्या श्वाबेन भागात मसूर आणि श्पेट्सले (अंडे घातलेल्या मैद्याच्या मऊ शेवया) हे घरोघरचे जेवण आहे. अख्खे मसूर कांदा, गाजर आणि सेलेरीच्या कंदाबरोबर शिजवायचे, लोण्यावर तांबूस भाजलेल्या पिठाने दाट करायचे आणि शेवटी व्हिनेगर घालायचे. श्पेट्सलेसाठी मैदा, अंडी, मीठ आणि थोडे पाणी एकत्र करून त्यात बुडबुडे येईपर्यंत फेटतात. मग ते सैल पीठ ओल्या पाटावर पसरून सुरीने त्याच्या बारीक पट्ट्या थेट उकळत्या पाण्यात सोडतात आणि वर तरंगू लागताच झाऱ्याने काढून घेतात. सोबतचे सॉसेज आम्ही गाळतो. वरणफळांवर वाढलेल्या माझ्या मुलांना हे जेवण पहिल्या घासापासून आपले वाटले, याचा मला फार आनंद आहे.

हे शिकवणाऱ्या शेजारच्या आजींनीच मला इथल्या डोंगराळ पठारावरील मसुराकडे वळवले. हे पीक स्वतःच्या बळावर उभे राहत नाही, म्हणून ते ओट किंवा बार्लीसारख्या धान्याच्या आधाराने वाढवतात आणि कापणीनंतर दोन्ही दाणे वेगळे करावे लागतात. एवढ्या कष्टामुळे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथली मसुराची शेती जवळजवळ बंद पडली होती. 1980 च्या दशकात काही शेतकऱ्यांनी ती पुन्हा सुरू केली. हरवलेले स्थानिक वाण तर 2006 मध्ये थेट सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे संग्रहात सापडले. हा मसूर महाग आहे, परंतु शिजल्यावर दाणा अखंड राहतो आणि त्याची चव खोल लागते, म्हणून या पदार्थासाठी मी दुसरा मसूर वापरत नाही.

उत्रेख्त, नेदरलँड्स

हिवाळ्यात आम्ही केल ही पालेभाजी आणि बटाटा एकत्र शिजवून, घोटून, वर लोणी आणि मोहरीची चटणी घालून खातो. थंडीत या पानांतील साखर वाढते, म्हणून पहिले दव गोठल्यानंतरचीच भाजी घ्यावी, असे इथले जुने लोक सांगतात आणि चवीला फरक खरोखर जाणवतो.

ग्वादालाहारा, मेक्सिको

इथे येण्यापूर्वी मका आणि चुना यांचा संबंध मला ठाऊक नव्हता. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात, साधारण एक किलो दाण्यांना दहा ग्रॅम चुना या प्रमाणात, उकळून रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी सुटलेली साले चोळून धुतात आणि तोर्तिया या मक्याच्या पातळ भाकरीसाठी ओलेच दाणे दळतात. चुन्यामुळे पीठ चिकट होऊन थापता येते, शिवाय मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपात मका पोहोचला पण ही कृती पोहोचली नाही, आणि ज्या गरिबांचे पोट केवळ मक्यावर होते त्यांच्यात नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा आजार पसरला. मेक्सिकोतील स्त्रियांनी हजारो वर्षे सांभाळलेल्या या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

भाकरीचा हात असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की इथे गरम पाण्याची उकड लागत नाही. दळलेला गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबून तापलेल्या तव्यावर टाकायचा. पहिली बाजू थोडाच वेळ, दुसरी जास्त वेळ भाजावी, आणि पुन्हा उलटल्यावर तोर्तिया फुगली तर पीठ उत्तम झाले असे समजावे. रोज मका शिजवणे नोकरीत शक्य होत नाही, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या गिरणीतून ताजे मळलेले पीठ किलोवर आणते. पाकीटबंद कोरडे पीठही मिळते, पण माझ्या मते त्यात मक्याचा वास उरत नाही.

क्योतो, जपान

आम्ही शाकाहारी असल्याने जपानी स्वयंपाक घरी जमणार नाही, असे अनेकांनी सांगितले होते, कारण तिथल्या बहुतेक रसांचा पाया सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो. परंतु बौद्ध मठांच्या परंपरेत हाच रस कोंबू हे समुद्रशैवाल आणि सुकी शिताके अळंबी यांपासून करतात. कोंबू थंड पाण्यात काही तास भिजवून मंद आचेवर ठेवावा आणि उकळी फुटण्यापूर्वी काढावा, अन्यथा रस बुळबुळीत व कडवट होतो. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, आच बंद केल्यावरच विरघळवावा. याच कोंबूच्या रसातून किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. उरलेला कोंबू टाकू नये. बारीक चिरून सोया सॉस, मिरिन (तांदळाचे गोडसर मद्य) आणि किंचित साखरेत आटवला की भाताबरोबर आठवडाभर पुरतो.