बाबांचा पासपोर्ट बँकॉकमध्ये हरवला, उद्या रात्रीची फ्लाइट आहे, काय करायचं?

जेलरोडची_लेक · शुक्रवार, रात्री ८:१०

प्लीज कोणी माहीतगार असेल तर लवकर सांगा. आईबाबा टूरबरोबर थायलंडला गेलेत, पटाया झालं, आता बँकॉकमध्ये आहेत, उद्या रात्री मुंबईची फ्लाइट आहे आणि आज दुपारी बाबांच्या लक्षात आलं की पासपोर्ट नाहीये. आईचा तिच्या पर्समध्ये आहे. बाबांचा कुठे गेला ते त्यांनाच सांगता येत नाहीये, सकाळी मंदिरं बघितली, मग मॉल, मग टुकटुकमध्ये बसले, त्या टुकटुकवाल्याचा नंबर बिंबर कोण लिहून घेतं. टूरचा माणूस म्हणतो ग्रुप उद्या निघणार, तुमचं तुम्ही बघा. आई रडतेय आणि बाबा नुसते गप्प. त्यांना लाज जास्त वाटतेय कारण ३४ वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये काढली, देशाचे पासपोर्ट जिथे छापतात तिथे, आणि हरवला तो स्वतःचाच. मी इथून काय करू शकते? झेरॉक्स घरात सापडत नाहीये, सगळी कपाटं उलथीपालथी करून झाली.

सातपूर_ते_सिंगापूर · रात्री ८:३२

ताई घाबरू नका, हे नेहमी कुणाचं ना कुणाचं होत असतं, काका काही तिथे अडकून पडणार नाहीत. पण उद्याची फ्लाइट विसरा. आपली एम्बसी शनिवार-रविवार बंद, म्हणजे खरं काम सोमवारीच. तेव्हा आत्ता पहिलं काम हे करा की दोघांच्या तिकिटाची तारीख बदलून घ्या, बुधवारची बघा. फ्लाइट सुटून गेल्यावर फोन केलात तर नो-शो धरतात आणि तिकीट बहुतेक बुडतं.

दुसरं, आज रात्री हॉटेलची रूम, बॅगा, बस सगळं परत एकदा नीट शोधायला सांगा. हे का सांगतोय, एकदा पोलिसात हरवल्याची नोंद झाली आणि एम्बसीत अर्ज गेला की तो पासपोर्ट बाद. नंतर सापडला तरी उपयोग नाही. पण शोधाशोध आजच्या रात्रीपुरतीच, "सापडेल सापडेल" करत दोन दिवस घालवू नका. सकाळी पोलीस रिपोर्ट. तिथे टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे, इंग्लिशमध्ये बोलतात, कुठल्या स्टेशनला जायचं ते सांगतील.

सोमवारी एम्बसी, सुखुमवित भागात सोई २३ ला आहे. तिथे नवीन पासपोर्ट मागू नका, त्याला वेळ लागतो. इमर्जन्सी सर्टिफिकेट मागा. ते फक्त भारतात परत यायला चालतं, एकदाच. फॉर्म बहुतेक आधी ऑनलाइन भरावा लागतो, तो तुम्ही नाशिकहून भरू शकता, काकांना मोबाईलवर कशाला छळायचं. फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा.

आणि झेरॉक्स घरी नसली तर नसू दे. हॉटेलच्या रिसेप्शनला विचारा, तिथे प्रत्येक हॉटेलला परदेशी पाहुण्याची माहिती इमिग्रेशनला कळवावी लागते, चेक-इनला कॉपी काढलेलीच असणार. नाशिकला ज्याच्याकडून बाथ (थायलंडचं चलन) घेतले त्याच्याकडेही असेल, पासपोर्टच्या कॉपीशिवाय तो पैसेच देत नाही.

जेलरोडची_लेक · रात्री ८:५०

बाथवाल्याचं डोक्यातच आलं नव्हतं!! शरणपूर रोडवरून घेतले होते, सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहते.

द्राक्षवाला_पिंपळगाव · रात्री ९:२५

माझा अनुभव सांगतो, जरा लांब आहे. बर्लिनला फेब्रुवारीत फ्रूट लॉजिस्टिका म्हणून फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, आपल्याकडचे बरेच एक्स्पोर्टवाले जातात, मी पण गेलो होतो. आता फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे ऐन हार्वेस्टिंग, इकडे बागेत माल उतरायला लागलेला, कंटेनर लागलेले, मजूर मिळत नाहीत म्हणून भाऊ दिवसातून चारदा फोन करतोय. आणि तिकडे मी हॉटेलात नाश्त्याला बसलो, बॅग खुर्चीला अडकवली, ऑम्लेट घेऊन परत येतो तर खुर्ची आहे, बॅग नाही. पासपोर्ट, कार्डं, ५०० युरो, सगळं गेलं.

माझी चूक अशी झाली की मी अख्खा दिवस वाट बघितली. हॉटेलवाले म्हणाले कॅमेरे बघतो, मला वाटलं पैसे काढून घेतील आणि पासपोर्ट टाकून देतील, आसपासचे कचऱ्याचे डबे सुद्धा बघून आलो (सूट-बूट घालून, हसू नका). दुसऱ्या दिवशी पोलिसात गेलो, जर्मनमधला कागद मिळाला, तो घेऊन टियरगार्टनस्ट्रासला आपल्या एम्बसीत. तिथे विचारलं की तुम्ही भारतीय आहात याचा पुरावा काय? माझ्याकडे मोबाईलमध्ये पहिल्या पानाचा फोटो होता पण शेवटच्या पानाचा नव्हता. आईवडिलांची नावं, पत्ता, फाइल नंबर सगळं शेवटच्या पानावर असतं ना. शेवटी भावाला बागेतून घरी पळवला, कपाटात माझा मुदत संपलेला जुना पासपोर्ट होता, त्याने एकेका पानाचा फोटो काढून पाठवला, फोटोत त्याचा द्राक्षाच्या डागांचा अंगठा पण आलाय. त्यावर काम झालं.

तर ताई, बाबांचा जुना कोपरा कापलेला पासपोर्ट घरात असेल तर तो शोधा, आधार आणि मतदार कार्डाचे फोटो काढून ठेवा. माझं पुढे रॉटरडॅमला जायचं ठरलेलं होतं, तिथे खरेदीदाराला भेटायचं होतं, ते रद्द, कारण त्या सर्टिफिकेटवर सरळ घरीच यायचं असतं, मधे फिरता येत नाही.

उपनगर_नाका · रात्री ९:४८

सगळं बरोबर पण सगळे एक गोष्ट विसरताय. पासपोर्टबरोबर थायलंडमध्ये आल्याचा शिक्का पण गेला ना. एम्बसीतून सर्टिफिकेट घेतलं आणि तसंच एअरपोर्टला गेलं तर तिथला अधिकारी विचारणार की हा माणूस देशात आला कधी? त्यासाठी चेंग वत्ताना नावाच्या भागात सरकारी ऑफिसांचं मोठं संकुल आहे तिथल्या इमिग्रेशनला जाऊन एंट्रीची नोंद नव्या कागदावर करून घ्यायची. एम्बसीकडून त्यासाठीचं पत्र त्याच वेळी मागून घ्या, नाहीतर हेलपाटा. हे ऑफिस शहराच्या पार उत्तरेला आहे आणि दुपारी १२ ते १ बंद असतं, आम्ही १२ ला ५ कमी असताना पोचलो होतो आणि तासभर बाकावर बसून होतो. राहायचे दिवस संपत आले असतील तर ते पण बघा, जास्त राहिलं की दिवसाला ५०० बाथ दंड.

पंचवटी_एक्सप्रेस · रात्री १०:०५

इन्शुरन्स काढलाय का? टूरबरोबर असतोच बहुतेक. पासपोर्ट हरवल्याचा क्लेम असतो त्यात, सर्टिफिकेटची फी वगैरे मिळते, पण पोलीस रिपोर्ट लागतोच. टॅक्सीच्या सुद्धा पावत्या ठेवायला सांगा.

बाकी काकांना सांगा, हलवायाच्या घरचे लाडू हलवाई खात नाही तसं आहे हे :)

जेलरोडची_लेक · सोमवार, रात्री ९:१५

अपडेट. शनिवारी पोलीस रिपोर्ट झाला, ११५५ वाल्यांनी खरंच मदत केली. झेरॉक्स हॉटेलात पण मिळाली आणि बाथवाल्याकडे पण, त्याच्याकडे दोन्ही पानांची होती, देव त्याचं भलं करो. जुना पासपोर्ट माळ्यावर बाबांच्या प्रेसच्या कागदांच्या ट्रंकेत होता. फॉर्म मी इथून भरला. आज दोघं सकाळीच एम्बसीत गेले, संध्याकाळी सर्टिफिकेट हातात, पत्र पण मिळालं. उद्या चेंग वत्ताना. आई म्हणाली टॅक्सीत बसल्यापासून बाबा तो कागद उजेडात धरून बघतायत, अंगठ्याने चाचपतायत. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले म्हणे.

जेलरोडची_लेक · मंगळवार, रात्री ११:४०

कोणी जागं आहे का. पासपोर्ट सापडला!!!

बाबांचं ते बिनबाह्यांचं जाकीट आहे ना, त्याला आईने निघायच्या आधी आतून चोरखिसा शिवून दिला होता. त्याची खालची शिवण उसवली आणि पासपोर्ट अस्तरातून घसरत पार मागे कमरेपाशी जाऊन बसला. खिसे सगळ्यांनी दहा वेळा बघितले, अस्तर कोण बघतंय. आज आई जाकिटाची घडी करत होती तर खाली काहीतरी कडक लागलं. बाबा काय म्हणाले असतील? "आमच्या प्रेसची शिवण बघ कशी टिकलीय, तुझीच सुटली." आई आता त्यांच्याशी बोलत नाहीये.

आता प्रश्न. इमिग्रेशनचं काम आज झालंय. पण बाबा म्हणतात माझा खरा पासपोर्ट आहे, आल्याचा शिक्का पण त्यावर आहे, मी उद्या त्याच्यावरच येणार, ते कागदाचं काय करायचं. चालेल का?

उपनगर_नाका · रात्री ११:५२

अजिबात नाही. अजिबात म्हणजे अजिबात नाही. आता थायलंडच्या लेखी ते सर्टिफिकेटवर आहेत आणि भारताच्या लेखी तो नंबर बाद आहे.

सातपूर_ते_सिंगापूर · बुधवार, सकाळी ६:३०

+१. हरवलेल्या पासपोर्टांची यादी इंटरपोलकडे पण असते, काउंटरवर नंबर टाकला आणि लाल दिवा लागला तर काका "मीच हरवला आणि मीच शोधला" हे थाई माणसाला कसं समजावणार? फ्लाइट रात्रीची आहे ना, मग सकाळी एम्बसीला फोन करून सापडल्याचं कळवा. पासपोर्ट कायद्याप्रमाणे ती केंद्र सरकारची मालमत्ता असते, आपली नाही, हे काकांना प्रेसवाले म्हणून तरी पटेल. आणि सर्टिफिकेटची झेरॉक्स काढून ठेवा, मुंबईला उतरल्यावर ते काढून घेतलं तर पुढच्या अर्जाला हाताशी काही हवं.

जेलरोडची_लेक · शनिवार, दुपारी १:२०

आले दोघं. एम्बसीने पासपोर्ट घेऊन या म्हटलं, त्यावर रद्दचा शिक्का मारून परत दिला. बाबांनी शिक्का मारताना बघितलं नाही म्हणे, तोंड फिरवून उभे होते. मुंबईला इमिग्रेशनमध्ये अर्धा तास थांबवलं, दोनचार प्रश्न विचारले, बाकी काही नाही. कसाऱ्याला वडा खाऊन पहाटे घरी.

आता नव्या पासपोर्टचा अर्ज करतोय, नाशिकच्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट मिळालीय. हरवला म्हणूनच भरलंय, ३६ पानांचे ३००० रुपये. ॲनेक्शर एफ (पासपोर्ट हरवल्याचं लेखी निवेदन) नोटरी करून आणायचं ना? नाशिकरोडला कोण करून देतं?

पंचवटी_एक्सप्रेस · दुपारी १:३५

कोर्टापाशी कोणीही करून देईल, स्टॅम्प पेपर घेऊन जा.

उपनगर_नाका · दुपारी १:४१

नका जाऊ. २०१६ च्या डिसेंबरपासून नोटरी लागत नाही, साध्या कागदावर टाइप करून सही केली की झालं. पोलीस रिपोर्टची ओरिजिनल, सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि तो शिक्का मारलेला पासपोर्ट सोबत ठेवा. पोलीस व्हेरिफिकेशन होईल, तेव्हा काकांना घरी थांबायला सांगा.

जेलरोडची_लेक · दुपारी १:४४

थांबतील. जाकीट आईने बोहारणीला देऊन टाकलंय.