चर्चा: मनात आनंद नसेल तर आज्ञापालन देवाला चालतं का?

दिवटी:
"मन लागो न लागो, आज्ञा पाळा, बाकी देव बघेल" हे ख्रिस्ती मंडळीत सर्रास ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं. बायबलच्या जुन्या करारातलं 'अनुवाद' हे पुस्तक घ्या, 28:47 उघडा. शापांची लांबलचक यादी चालू असताना मध्येच कारण येतं: सगळ्याची रेलचेल असूनही तुम्ही परमेश्वराची सेवा आनंदाने, हर्षित मनाने केली नाही, म्हणून. म्हणजे आनंद हा आज्ञेचाच भाग आहे, वरची सजावट नव्हे. प्रेषित पौलही करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (2 करिंथ 9:7) दानाची रक्कम सांगत नाही, मन कसं हवं ते सांगतो: कष्टी नको, भाग पडलं म्हणूनही नको. तिथला ग्रीक शब्द 'हिलारोस'. प्रवचनात त्याचा अर्थ 'खदखदून हसणारा' असा सांगतात, ते सोडून द्या. मोकळ्या मनाने, हौसेने देणारा, इतकाच तो अर्थ. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यातल्या 5व्या अध्यायात तो हेच वचन घेतो आणि म्हणतो की काम पुरं झालं तरी मनातल्या मनात कुरकुर असेल, तर देव ते स्वीकारत नाही.

जुनं_पान:
47 वाचलंत, 45 गाळलंत. तिथे कारण सरळ आहे: तुम्ही परमेश्वराची वाणी ऐकली नाही. आधी ऐकणं, मग हर्ष.
आणि गेथशेमानेचं, म्हणजे अटकेआधी येशूने जिथे प्रार्थना केली त्या बागेचं, काय करणार? प्रभू तीनदा तीच प्रार्थना करतो. "माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे" हे त्याचेच शब्द. त्याहून मोठं आज्ञापालन कुठलं? इब्री 12:2 म्हणतं, त्याने 'पुढे ठेवलेल्या' आनंदासाठी वधस्तंभ सोसला. पुढे ठेवलेला, हाताशी असलेला नव्हे. मत्तय 21 मधल्या दृष्टान्तात बाप दोन मुलांना मळ्यात कामाला जा म्हणतो; पहिला मुलगा चक्क 'नाही जात' म्हणतो, नंतर पस्तावतो आणि मळ्यात जातो. बापाची इच्छा पुरी केली ती त्यानेच. जाताना तो गुणगुणत होता की नाही, हे प्रभू विचारत नाही.

आडवाट:
मला तर तिसरीच भीती वाटते. 'आनंदाने आज्ञा पाळा' हे वाक्य माणसांच्या हाती लागलं की त्याची काठी होते. पाळकाने चौथी जबाबदारी गळ्यात मारायची आणि वर म्हणायचं, "तोंड का पडलं? देवाची सेवा ना?" यासाठी हमखास इब्री 13:17 काढतात. ते नीट वाचा. पुढाऱ्यांचं ऐका, हे आहेच. पण त्यातला 'आनंदाने, कण्हत नव्हे' हा भाग पुढाऱ्यांच्या कामाबद्दल आहे. 1 पेत्र 5 तर मेंढपाळांनाच बजावतं की कळपावर धनीपण गाजवू नका.
बेनेडिक्ट आणलाच आहे तर 68वा अध्यायही आणा. भावाला न झेपणारं काम सांगितलं तर त्याने आधी ते शांतपणे घ्यावं. भार खरंच शक्तीबाहेर असेल तर योग्य वेळ पाहून वरिष्ठाला कारण सांगावं: धीराने, ताठा न दाखवता. तरीही हुकूम कायम राहिला तर देवावर भिस्त ठेवून करावं. 'नाही झेपत' असं सांगण्याला तिथे कुरकुर म्हटलेलं नाही.

दिवटी:
आडवाट, सगळं मान्य. जुनं_पान, निम्मं मान्य. माझंच मांडणं ढिलं होतं. आनंदाच्या विरुद्ध मी दुःख धरत नाही, कुरकुर धरतो. गेथशेमानेत दुःख आहे, भीती आहे, पण बापाविरुद्ध तक्रार नाही. उलट लूक 15 मधल्या उधळ्या मुलाच्या दृष्टान्तातला थोरला भाऊ बघा. त्याने एकही आज्ञा मोडलेली नाही, पण तोंडी हिशेब: इतकी वर्षं चाकरी केली, कधी करडूही दिलं नाहीत. तिथे ग्रीकमध्ये गुलामासारखं राबण्याचं क्रियापद आहे. घरचा मुलगा स्वतःला गडी समजतोय. योना संदेष्ट्याचंही तेच. निनवेत जाऊन संदेश दिला, शहर वाचलं, आणि हा बाहेर बसून मरण मागतोय.

शिदोरी:
प्रार्थनेत मन लागेना, कोरडेपणा आला की नेमकं करायचं काय, हे कुणीच लिहिलं नाही. येशूसंघाचा (जेझुइटांचा) संस्थापक इग्नेशियस लोयोला याने ते बारकाईने लिहून ठेवलंय. मन कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका. तासाभराची प्रार्थना ठरवली असेल तर मोडायची नाहीच, उलट तासापेक्षा किंचित जास्त बसा. कारण कोरडेपणात पहिला मोह वेळ कापण्याचा असतो, आणि पाच मिनिटं कापली की उद्या पंधरा जातात. शिवाय दिवसाची उजळणी पाच पायऱ्यांत: उपकार मानणं, प्रकाश मागणं, दिवस तपासणं, क्षमा मागणं, उद्याचं ठरवणं. लोक थेट तिसरीवर उडी मारतात आणि स्वतःलाच झोडपत बसतात. उपकाराची पायरी पहिली का, ते तिथे कळतं.
दानात तर बहुतेक कुरकुर वेळ चुकल्याने होते. पिशवी समोर आली, शेजारी बघतोय, खिशात हात गेला: हे 'भाग पडलं म्हणून'च. पौलाची पद्धत 1 करिंथ 16:2 मध्ये आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याच्या त्याच्या मिळकतीच्या मानाने, आपल्याजवळ बाजूला काढून ठेवा, म्हणजे तो आल्यावर वर्गणी गोळा करावी लागू नये. आणि 2 करिंथ 8:12: जवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नाही. कर्ज काढून दिलेल्या देणगीत हिलारोस शोधू नका.
जाता जाता: हिब्रूतला 'शमा' म्हणजे ऐकणं, आणि आज्ञा पाळणंही. मराठीला हे समजवावं लागत नाही. 'पोरगं ऐकत नाही' म्हटल्यावर त्याचे कान कुणी तपासत नाही.

जुनं_पान:
कुरकुर आणि दुःख वेगळी, हे घेतलं. पण आनंद ही कसोटी करायला माझा विरोध कायम. 1563ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रॉटेस्टंटांचं सवाल-जवाबातलं धर्मशिक्षणाचं पुस्तक, दहा आज्ञा तिसऱ्या भागात घेते, आणि त्या भागाचा विषय उपकारस्मरण. 90व्या उत्तरात देवाच्या इच्छेप्रमाणे जगण्याचा हर्ष आहे, तुमच्या बाजूचा. पण 114वं उत्तर सांगतं की अगदी पवित्र माणसाच्याही पदरात या आज्ञापालनाची जेमतेम सुरुवात असते. हर्षाचं माप लावून बसलात तर मंडळी रिकामी होईल. स्तोत्र 119 मध्ये 176 ओव्या, आज्ञांच्या गोडीने भरलेल्या, आणि शेवटची काय? हरवलेल्या मेंढरासारखा मी भटकलो आहे, आपल्या दासाला शोध.

दिवटी:
त्याच ओवीचा शेवट गाळलात: 'कारण मी तुझ्या आज्ञा विसरलो नाही.' 45 आणि 47 चा हिशेब आता फिटला.