लेडव्हिलच्या शाखेत दोन वर्षे: मुलीला पाठवावे का?

अरोराची_आई
नमस्कार. आम्ही अनेक वर्षांपासून अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ अरोरा येथे राहत आहोत. थोरली मुलगी यंदा शालेय शिक्षण पूर्ण करत असून कोलोरॅडो माउंटन कॉलेजच्या लेडव्हिल शाखेत नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन शिकायचे, असे तिने ठरवले आहे. पुण्याच्या नातेवाइकांना कम्युनिटी कॉलेज (मुख्यतः दोन वर्षांच्या पदव्या देणारे स्थानिक सार्वजनिक कॉलेज) म्हणजे काय हे समजावताना माझी दमछाक होते, "विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही का?" हा प्रश्न प्रत्येक फोनवर ठरलेला. माझी काळजी मात्र निराळी आहे. पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची झाल्यास या कॉलेजातील क्रेडिट (उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक) वाया जाणार नाहीत ना, आणि सुमारे ३,१०० मीटर उंचीवरच्या छोट्या गावात ती एकटी कशी राहील, याविषयी माहीतगारांनी कृपया लिहावे. ती सध्या एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, आहे.

सल्लागार_काका
ताई, मी याच राज्यातील दुसऱ्या एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम निवडण्यास मदत करतो. कॉलेजच्या दर्जापेक्षा पदवीचे पूर्ण नाव आधी तपासा. असोसिएट म्हणजे दोन वर्षांची पदवी. असोसिएट ऑफ आर्ट्स आणि असोसिएट ऑफ सायन्स या पदव्या पुढे विद्यापीठात जाण्यासाठी आखलेल्या असतात, तर असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही थेट कामाला लागणाऱ्यांसाठी असते. तिच्यातील प्रात्यक्षिक विषयांचे क्रेडिट विद्यापीठ स्वीकारेलच असे नाही. राज्यातील सार्वजनिक संस्थांमध्ये 'जीटी पाथवेज' नावाची सामान्य विषयांची यादी आहे, आणि तिच्यातील विषयात किमान सी-मायनस श्रेणी मिळाल्यास ते क्रेडिट पुढे नेण्याची हमी असते. दोन वर्षांच्या साठ क्रेडिटपैकी या यादीतले किती, हे तेथील सल्लागाराकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याची जवळजवळ दोन सत्रे फुकट गेली. इंग्रजी, गणित आणि संख्याशास्त्र हे विषय तरी तिने पहिल्याच वर्षी त्या यादीतून घ्यावेत.

लेडव्हिलचा_माजी
मी त्या शाखेत दोन वर्षे शिकलो. १९६७ मध्ये कॉलेज सुरू झाले तेच लेडव्हिल आणि ग्लेनवुड स्प्रिंग्ज येथे, त्यामुळे ही शाखा नंतर चिकटवलेली नाही. नैसर्गिक संसाधने शिकायला याहून बोलके गाव मिळणे कठीण. एकोणिसाव्या शतकातील चांदीच्या खाणींमधून शिसे आणि जस्त पाण्यात उतरले, गावाजवळील कॅलिफोर्निया गल्चचा परिसर १९८३ मध्ये केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत (अतिप्रदूषित, साफ करायच्या जागांच्या यादीत) गेला, आणि आर्कान्सा नदीचा उगमही त्याच भागात. पाण्याचे नमुने घेताना हातमोज्यांतून बोटे बधिर होत, पण ज्या टेकडीवरून ते पाणी येते ती डोळ्यांसमोर असल्यामुळे पुस्तकातला तक्ता आपोआप कळत असे.

राहण्याबाबत सांगायचे, तर डेन्व्हर जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे आणि लेडव्हिल त्याच्या दुपटीहून थोडेसेच कमी, म्हणून पहिला आठवडा जिना चढतानाही दम लागतो. दुसऱ्या वर्षी मी गावात खोली घेतली आणि पहिल्याच रात्री उघड्या पातेल्यात तुरीची डाळ लावली. तेथे पाणी सुमारे नव्वद अंशांवरच उकळते. दीड तासाने डाळ पाण्यात तशीच टणक होती आणि आम्ही तिघे ब्रेड खाऊन झोपलो. कुकर अवश्य द्या. पहिले वर्ष वसतिगृहात काढावे, कारण व्हेल आणि कॉपर माउंटन या जवळच्या स्की-केंद्रांत कामाला जाणारे पुष्कळ लोक लेडव्हिलमध्येच भाड्याने राहतात आणि खोल्या पटकन संपतात. मोटार असल्यास बर्फाचे टायर आधी बसवा: आय-७० या महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरोदरम्यान १ सप्टेंबरपासून ३१ मेपर्यंत योग्य टायर किंवा साखळ्या जवळ असणे कायद्याने आवश्यक आहे.

व्हिसावाली_मावशी
एच-४ वर शिकता येते, पण पगारी इंटर्नशिप करता येत नाही, आणि या क्षेत्रात उन्हाळ्यातील कामाचा अनुभव फार मोलाचा. एकविसाव्या वाढदिवसाला तो दर्जाही संपतो, म्हणजे नेमका विद्यापीठात जाण्याच्या सुमारास. त्यापूर्वीच एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करावा लागेल. शिवाय वनखात्यासारख्या केंद्र सरकारी नोकऱ्यांना बहुतेक वेळा नागरिकत्व लागते. मुलीला हे आताच स्पष्ट सांगा, नाहीतर पुढे वकिलाच्या कार्यालयात कळेल.

अरोराची_आई
सर्वांचे आभार. काल तिचे माहितीपत्रक काढून पाहिले, तर पदवीच्या नावात 'अप्लाइड' हा शब्द निघाला. ती थोडी हिरमुसली, पण जीटी पाथवेजमधील विषयांची यादी तिनेच छापून भिंतीवर लावली आहे. व्हिसासाठी वकिलाची वेळ घेतली आहे. फेब्रुवारीत, ऐन थंडीत, आम्ही दोघी तेथे दोन रात्री राहून येणार आहोत आणि सल्लागारांकडून लेखी उत्तर घेऊनच परतणार आहोत.